खापरखवल्या सर्पांचे कुल : नाम, स्थान आणि वर्गीकरण

१

दक्षिण भारताचा डोंगराळ प्रदेश आणि श्रीलंका यांपलीकडे जगात कोठेही न आढळणारे सर्पांचे एक लहान कुल आहे. प्राणिशास्त्रात त्यास युरोपेल्टिडी म्हणतात. मराठीतील सर्पविषयक ग्रंथांत या सापांसाठी ‘खापरखवल्या’ हा शब्द रूढ झाला आहे. हे साप बिनविषारी असून जमिनीत बिळे करून राहतात. त्यांचे मुख्य अन्न गांडुळे होत. ते अंडी न घालता पिलांनाच जन्म देतात. डोके निमुळते, डोळे बारीक, खवले गुळगुळीत व उन्हात इंद्रधनुष्यासारखे चमकणारे, आणि शेपूट मात्र एखाद्याने मध्येच तोडून टाकल्यासारखे आखूड, असे त्यांचे रूप असते. पुष्कळ जातींत शेपटाच्या टोकाशी खरखरीत ढालवजा भाग असतो व त्यावर मातीचा लेप चिकटून राहतो. बिळात शिरलेल्या सापाच्या मागे हीच मातीची गुडदी दार लावून घेते. ग्रीक भाषेत ‘ऊरा’ म्हणजे शेपूट आणि ‘पेल्टे’ म्हणजे लहान ढाल. या दोहोंपासून युरोपेल्टिस हे नाव घडले आहे. ‘खापर’ या मराठी शब्दानेही तोच अवयव वेगळ्या उपमेने सुचविला आहे.

कुल लहान आहे. आजवर ज्ञात झालेल्या जाती सुमारे साठ असून त्या सात प्रजातींत वाटल्या आहेत. (येथे ‘जाती’ हा शब्द स्पीशीज व ‘प्रजाती’ हा शब्द जीनस या अर्थी योजिला आहे.) परंतु या लहानशा कुलाच्या वर्गीकरणास दोनशे वर्षांहून अधिक काळ लागला असून ते काम अद्यापही पुरे झालेले नाही. या दीर्घ इतिहासाचे कारण केवळ प्राणी दुर्मिळ व भूमिगत आहेत एवढेच नव्हे. या इतिहासातील कित्येक घोटाळे सापांमुळे उद्भवले नसून नावांमुळे उद्भवले आहेत. चुकीच्या स्थळाची चिठ्ठी, एकाच नावाचे दोन अर्थ, एका नावाखाली दडपली गेलेली दुसरी नावे, यांनी प्रत्यक्ष निरीक्षणाइतकाच, किंबहुना काही वेळा त्याहून अधिक, प्रभाव गाजविलेला दिसतो. म्हणूनच हा विषय केवळ प्राणिशास्त्रज्ञांचा राहत नाही. शब्द व वस्तू यांच्या संबंधाचा विचार करणाऱ्या प्रत्येक अभ्यासकास त्यात काही सापडण्याजोगे आहे.

२

या कुलातील सापाचे पहिले शास्त्रीय वर्णन १८०१ साली प्रसिद्ध झाले. ते करणारे योहान गॉटलोब श्नायडर हे व्यवसायाने प्राणिशास्त्रज्ञ नव्हते. ते अभिजात भाषांचे पंडित होते आणि ग्रीक-जर्मन कोशाचे कर्ते म्हणून त्यांची ख्याती होती. आपल्यापुढील तीक्ष्णमुखी सापास त्यांनी ‘ऑक्सिर्‍हिंकस’, म्हणजे टोकदार नाकाचा, असे विशेषण दिले आणि त्याची स्थापना टिफ्लॉप्स या प्रजातीत केली. टिफ्लॉप्स म्हणजे आंधळे साप; मराठीत ज्यांना वाळा म्हणतात ते. जमिनीत राहणारा, बारीक डोळ्यांचा, गुळगुळीत अंगाचा साप म्हणजे वाळाच, असा तो तर्क होता. त्या काळी हाती असलेल्या सामग्रीवरून तो अगदीच अवास्तव म्हणता येत नाही. १८२० मध्ये हेम्प्रिख यांनी अशा सापांसाठी ऱ्हिनोफिस, म्हणजे नाकाड्या साप, ही निराळी प्रजाती सुचविली.

१८२९ मध्ये क्यूव्हिए यांच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली. तीत युरोपेल्टिस हे प्रजातीनाम प्रथम येते. श्नायडर व हेम्प्रिख यांनी नाकाकडे पाहिले होते, क्यूव्हिए यांनी शेपटाकडे पाहिले. पुढील शंभर वर्षे या कुलाचे वर्गीकरण याच दोन टोकांमध्ये हेलकावे खात राहिले ही गोष्ट लक्षणीय आहे. शरीराच्या मधल्या भागास, म्हणजे स्नायू, मणके व अंतर्गत रचना यांस, वर्गीकरणात स्थान मिळण्यास बराच काळ जावा लागला.

अपवाद होता तो योहानेस म्युलर यांचा. १८३० नंतरच्या एक-दोन वर्षांत या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने उभयचर व सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंतर्रचनेवर जे लेखन प्रसिद्ध केले, त्यात बाहेरून सापासारख्या दिसणाऱ्या देवगांडुळांना सापांपासून कायमचे वेगळे केले आणि लहान मुखाच्या सापांमध्ये या सापांचा स्वतंत्र गट मानला. युरोपेल्टिडी हे कुलनाम म्युलर यांच्याच नावे नोंदले जाते. वाळा, देवगांडूळ आणि खापरखवल्या हे तिन्ही प्राणी मातीत राहतात म्हणून एकसारखे दिसतात; ते एका वंशाचे म्हणून नव्हे. हा विवेक म्युलर यांनी सुरी व भिंग यांच्या आधारे केला.

तो विवेक सर्वत्र तत्काळ स्वीकारला गेला नाही. १८४५ मध्ये जॉन एडवर्ड ग्रे यांनी ब्रिटिश म्युझियममधील नमुन्यांची जी सूची तयार केली, तीत हे साप आढळतात खरे. परंतु ती सूची सापांची नसून सरड्यांची आहे. याच सूचीत ग्रे यांनी सिलिब्युरा ही नवी प्रजाती स्थापिली. पुढे जवळजवळ एक शतक भारतातील बहुसंख्य खापरखवल्या सिलिब्युरा याच नावाने ओळखले गेले. सरड्यांच्या यादीत जन्मलेले नाव सापांच्या शास्त्रात इतके दीर्घायुषी ठरावे, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

३

क्यूव्हिए यांच्या ग्रंथातील दोन नावे मात्र अधिक तपशिलाने पाहिली पाहिजेत. त्यांनी एका सापास युरोपेल्टिस सेलॅनिकस, म्हणजे ‘सिलोनचा’, असे नाव दिले. दुसऱ्या एका सापास टिफ्लॉप्स फिलिपिनस, म्हणजे ‘फिलिपाइन्सचा’, असे म्हटले. पुढे म्युलर यांच्या लेखनातून ‘फिलिपिनस’ हेच विशेषण आणखी एका, आकाराने मोठ्या व बोथट शेपटाच्या, सापास चिकटले. नंतरच्या संशोधनावरून जे निष्पन्न झाले ते असे : ‘सिलोनचा’ म्हटलेला साप सिलोनात मुळीच राहत नाही, तो भारताच्या पश्चिम घाटातला आहे. ‘फिलिपाइन्सचे’ म्हटलेले दोन्ही साप फिलिपाइन्सचे नाहीत. ते सिलोनचे, म्हणजे १९७२ पासून जिला अधिकृतपणे श्रीलंका म्हणतात त्या बेटाचे, आहेत. फिलिपाइन्समध्ये या कुलाची एकही जाती नाही.

अशा चुका घडण्याची रीत समजण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील संग्रहालयांकडे येणारे नमुने मद्यार्काच्या बरण्यांतून, अनेक बंदरांवरून आणि अनेक हातांतून येत. बरणीवरील चिठ्ठीत कधी प्राणी पकडल्याचे स्थळ असे, कधी जहाज जेथून निघाले ते बंदर असे, तर कधी देणाऱ्याचा केवळ समज असे. नाव देणारा पंडित पॅरिसला किंवा बर्लिनला असे. त्याने तो साप जिवंत पाहिलेला नसे, पाहण्याची शक्यताही नसे. त्याच्यापुढे एक शरीर आणि एक शब्द असे. शरीराची तो तपासणी करी. शब्दावर मात्र विश्वास ठेवी.

चूक उघडकीस आल्यावर नाव बदलावे की नाही, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर काळानुसार बदललेले दिसते. १८४२ मध्ये ह्यू स्ट्रिकलंड यांच्या पुढाकाराने प्राणिनामांचे जे पहिले सुव्यवस्थित नियम तयार झाले, त्यांत प्रथम दिलेल्या नावास अग्रहक्क देण्याचे तत्त्व होतेच. पण त्याचबरोबर, एखादे नाव असत्य विधान करीत असेल व त्यामुळे महत्त्वाच्या चुका पसरण्याचा संभव असेल, तर ते बदलण्याची मुभाही होती. पुढील आंतरराष्ट्रीय संहितेत ही मुभा उरली नाही. विद्यमान संहितेप्रमाणे अर्थ अयोग्य आहे एवढ्या कारणावरून कोणतेही नाव टाकून देता येत नाही.

वरवर पाहता हा सत्यापेक्षा शिस्तीस दिलेला मान वाटेल. परंतु त्यामागे भाषेच्या स्वरूपाविषयीचा एक पक्का निर्णय आहे. नाव हे वस्तूचे वर्णन मानले, तर ज्ञान वाढेल तसतशी सर्व नावे बदलत राहतील आणि जुन्या ग्रंथांतील सापाचा नव्या ग्रंथांतील सापाशी मेळ घालणे अशक्य होईल. नाव ही केवळ खूण मानली, तर तिच्या व्युत्पत्तीत काय दडले आहे याची चिंता करण्याचे कारण उरत नाही. ‘गोरे’ आडनावाचा मनुष्य सावळा असला म्हणून त्याच्या आडनावात कोणी दुरुस्ती सुचवीत नाही. संहितेने हा दुसरा पक्ष स्वीकारला. तथापि खूण म्हणून स्वीकारलेला शब्द अर्थ सांगण्याचे काही थांबवीत नाही. ‘सेलॅनिकस’ वाचणाऱ्याच्या मनात सिलोन उभे राहतेच. व्यवहार आणि नियम यांतील हे अंतर या कुलाच्या इतिहासात पुढेही वारंवार दिसते.

४

१८६० नंतर या अभ्यासाचे केंद्र काही काळ प्रत्यक्ष डोंगरांकडे सरकले. त्याचे श्रेय रिचर्ड हेन्री बेडम (१८३०–१९११) यांच्याकडे जाते. मद्रास इलाख्याच्या सैन्यातून ते वनखात्यात आले आणि १८६० ते १८८२ या काळात त्या खात्याचे प्रमुख होते. वनस्पतिशास्त्रात, विशेषतः नेच्यांच्या अभ्यासात, त्यांचे नाव मोठे आहे. निलगिरी, अनैमलै, पळणी, वायनाड, शेवरॉय अशा डोंगररांगांतून वनाधिकारी म्हणून हिंडताना दगड व ओंडके उलटून त्यांनी जे साप गोळा केले, त्यांमुळे या कुलाचे चित्रच पालटले. १८६३ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र परिषदेच्या वृत्तान्तात या कुलातील नव्या जातींवरील त्यांचा लेख आला. १८८६ मध्ये भारतीय द्वीपकल्प व सिलोन येथील ‘भूसर्पां’चा समग्र आढावा त्यांनी प्रसिद्ध केला. या दोन टोकांमध्ये त्यांनी वर्णिलेल्या जातींची संख्या इतर कोणाही एका अभ्यासकापेक्षा मोठी आहे.

बेडम यांच्या कामाचा विशेष केवळ संख्येत नाही. त्यांच्या लेखनात साप प्रथमच एका विशिष्ट डोंगराचा, विशिष्ट उंचीचा, विशिष्ट प्रकारच्या जंगलाचा रहिवासी म्हणून येतो. अमुक साप या रांगेवर आहे व शेजारच्या रांगेवर नाही, ही गोष्ट त्यांनी पुनःपुन्हा नोंदविली. जमिनीत राहणाऱ्या, थंड व ओलसर मातीवर अवलंबून असलेल्या प्राण्यास दोन डोंगरांमधील कोरडी दरी म्हणजे समुद्रच होय. हे तत्त्व त्यांनी सिद्धान्त म्हणून मांडले नाही. त्यांच्या नोंदींतून मात्र ते स्पष्ट होते. नावांतही त्याचा ठसा उमटला. पळणीवरून पल्नेएन्सिस, दिंडिगलवरून दिंडिगलेन्सिस, वायनाडवरून वायनाउडेन्सिस अशी स्थलवाचक नावे पडली. त्यांची वर्णाक्षरे इंग्रजी राजवटीतील कचेरीत जशी लिहिली जात तशीच गोठून राहिली आहेत. गावांची अधिकृत नावे बदलली तरी सापांच्या नावांत ती जुनी उच्चारणे टिकून आहेत.

बेडम यांना लंडनमध्ये आल्बर्ट ग्युंथर व बर्लिनमध्ये विल्हेल्म पीटर्स हे समकालीन लाभले. पीटर्स यांनी १८६१ मध्ये या कुलावर लॅटिन भाषेत एक स्वतंत्र प्रबंधिका लिहिली. त्यांनी वर्णिलेला सिलिब्युरा मॅक्रोलेपिस, म्हणजे मोठ्या खवल्यांचा, हा साप पुढे उत्तर सह्याद्रीचा प्रमुख प्रतिनिधी ठरला. ग्युंथर यांनी १८६४ च्या ‘ब्रिटिश हिंदुस्थानातील सरपटणारे प्राणी’ या ग्रंथात या सापांची मांडणी केली आणि मेलॅनोफिडियम ही प्रजाती स्थापिली. एकमेकांच्या नावे साप अर्पण करण्याची चालही तेव्हाची. ग्युंथर यांनी १८६२ मध्ये एका सापास बेडमी म्हटले. बेडम यांनी पुढच्याच वर्षी दुसऱ्या एकास ग्युंथरी म्हटले.

५

इतके साप जमल्यावर त्यांची व्यवस्था लावण्याचे काम जॉर्ज आल्बर्ट बूलेंजर यांनी केले. १८९० च्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिजीवनावरील ग्रंथमालेतील खंड आणि १८९३ ची सर्पसूची ही त्यांची कृती या विषयातील पहिली खरोखर उपयुक्त चौकट होय. तिचे निकष बाह्य व मोजके होते. डोळा स्वतंत्र खवल्यांच्या वेढ्यात आहे की एकाच मोठ्या खवल्यात बसला आहे. कानशिलाजवळ निराळा खवला आहे की नाही. हनुवटीखाली खाच आहे की नाही. नाकपुड्यांचे खवले एकमेकांस भिडतात की तुंडावरील खवला त्यांना वेगळे करतो. आणि शेपटाच्या टोकास कोणता आकार आहे. हनुवटीची खाच हे मेलॅनोफिडियमचे लक्षण. शेपटाच्या टोकास एकसंध, फुगीर, खरखरीत ढाल हे ऱ्हिनोफिसचे लक्षण. नमुना हाती घेऊन भिंगाखाली पाच मिनिटांत निर्णय देता यावा अशी ही पद्धती आहे आणि क्षेत्रीय अभ्यासात तिचा उपयोग कायम राहिला आहे.

बूलेंजर यांच्या मांडणीत युरोपेल्टिस हे नाव सिलोनमधील एका मोठ्या, बोथट शेपटाच्या सापासाठी राखले होते; भारतातील बहुसंख्य जाती सिलिब्युरात होत्या. १९४३ मध्ये त्याच ग्रंथमालेच्या नव्या खंडात माल्कम स्मिथ यांनी हा निर्णय फिरविला. क्यूव्हिए यांचे युरोपेल्टिस हे नाव मूलतः ‘सेलॅनिकस’ या सापाचे, आणि तो साप सिलिब्युरा म्हटल्या जाणाऱ्या गटातला. तेव्हा त्या संपूर्ण गटास युरोपेल्टिस हेच जुने नाव मिळाले पाहिजे, असा त्याचा अर्थ झाला. सिलिब्युरा हे नाव लोपले. सिलोनच्या त्या बोथट सापास श्लेगेल यांनी १८३९ मध्ये दिलेले स्यूडोटिफ्लॉप्स, म्हणजे ‘खोटा वाळा’, हे नाव परत मिळाले. सापांत काहीच बदलले नव्हते, तरी १९४३ पूर्वीचा ‘युरोपेल्टिस’ आणि नंतरचा ‘युरोपेल्टिस’ हे दोन भिन्न प्राणी होत. जुने लेख वाचणाऱ्या विद्यार्थ्याने ही गोष्ट प्रथम ध्यानात ठेवली पाहिजे. अन्यथा सिलोनच्या सापाची वर्तणूक तो सह्याद्रीच्या सापावर लादील.

प्रजाती बदलली की विशेषणाचे लिंगही बदलते, हा आणखी एक भाषिक प्रकार. संहितेप्रमाणे जातीचे नाव विशेषण असेल तर ते प्रजातीनामाच्या लिंगास अनुसरते. बेडम यांचा वायनाडचा साप प्लेक्ट्रुरस या पुल्लिंगी प्रजातीत असताना ‘वायनाउडेन्सिस’ होता. मेलॅनोफिडियम या नपुंसकलिंगी प्रजातीत गेल्यावर तो ‘वायनाउडेन्से’ झाला. तीन लिंगे असलेल्या मराठीच्या भाषकास यात काही नवल वाटू नये. ग्रीक ‘ओफिस’ हा आपल्या ‘सर्प’ शब्दाप्रमाणे पुल्लिंगी. त्याचे लघुत्ववाचक ‘ओफिडिऑन’ हे आपल्या ‘पाखरू’, ‘कोकरू’ यांप्रमाणे नपुंसकलिंगी. आणि ‘पेल्टे’ ही ‘ढाल’ या शब्दाप्रमाणे स्त्रीलिंगी. युरोपेल्टिस मात्र दीर्घकाळ पुल्लिंगी समजला गेला. क्यूव्हिए यांनी ‘सेलॅनिकस’ लिहिले आणि स्मिथ यांनीही तोच पाठ ठेवला. पुढील सूचींत ते स्त्रीलिंगी मानून ‘सेलॅनिका’, ‘ऑसेलाटा’ अशी रूपे प्रचारात आली. एकाच सापाचा शोध घेताना दोन्ही रूपे तपासावी लागतात, ते यामुळे.

६

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रश्नाचे स्वरूप बदलले. हा साप कोणत्या रकान्यात बसतो, याऐवजी तो कोणाचा आप्त आहे, असे विचारले जाऊ लागले. १९५९ मध्ये अर्नेस्ट विल्यम्स यांनी या कुलातील कवटी व पहिले मणके यांच्या सांध्याची चमत्कारिक रचना तपासली. कार्ल गान्स यांनी १९६६ मध्ये कुलातील जातींची सूची सिद्ध केली आणि पुढे त्यांच्या बिळे करण्याच्या यंत्रणेचा अभ्यास केला. १९७८ मध्ये गान्स, डेसॉअर व बाव्हरस्टॉक यांनी दाखविले की या सापांच्या शरीराच्या पुढच्या भागातील स्नायू मागच्या भागातील स्नायूंहून वेगळे असून ते दीर्घकाळ काम करण्यास योग्य असतात. आगगाडीच्या इंजिनाने डबे ओढावेत तसा शरीराचा पुढचा भाग माती फोडतो आणि उरलेले शरीर मागे ओढले जाते. डोके व शेपूट यांवर खिळलेली वर्गीकरणाची दृष्टी अशा रीतीने प्रथमच सापाच्या धडाकडे वळली.

१९९० मध्ये केडल, डेसॉअर, गान्स व गार्टसाइड यांनी रक्तातील प्रथिनांच्या तुलनेवरून या कुलातील नात्यांची मांडणी केली. श्रीलंकेतील जाती, मग त्यांना ऱ्हिनोफिस म्हणा की युरोपेल्टिस, एकमेकींच्या अधिक जवळच्या दिसल्या. म्हणजे श्रीलंकेतला ‘युरोपेल्टिस’ हा भारतातल्या ‘युरोपेल्टिस’चा सख्खा नव्हे; शेजारच्या ऱ्हिनोफिसचा सख्खा. २००४ मध्ये बॉसाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाट व श्रीलंका यांतील अनेक प्राणिगटांच्या डीएनएचा अभ्यास केला. त्यात हे सापही होते. हिमयुगांत समुद्र उतरून पाल्कच्या सामुद्रधुनीत जमीन उघडी पडत असे, तरीही दोहीकडील प्राण्यांची सरमिसळ अपेक्षेहून फार थोडी झाली, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. बेडम यांच्या नोंदींतील डोंगर-दरीचा न्याय येथे बेट आणि द्वीपकल्प यांस लागू पडला.

मग शेपटाच्या आकाराचे काय? शेपटाची ढाल ही वंशाची निशाणी नसून जीवनपद्धतीची निशाणी आहे, आणि ती या कुलात वेगवेगळ्या शाखांत वेगवेगळी वळणे घेत गेली आहे, असे मानणे भाग पडले. श्नायडर यांनी मातीतल्या सर्व आंधळ्यासारख्या सापांना एक मानण्यात जी चूक केली, त्याच जातीची चूक त्यांच्यानंतरच्यांनी अधिक बारीक प्रमाणावर केली होती.

या सर्व पुराव्याची वर्गीकरणाच्या भाषेत नोंद २०१६ मध्ये झाली. पायरन, गणेश, सय्यद, शर्मा, वॉलेक व सोमवीर या सहा अभ्यासकांनी कुलाची समग्र सूची प्रसिद्ध केली. श्रीलंकेतील सर्व युरोपेल्टिस जाती ऱ्हिनोफिसमध्ये गेल्या. स्यूडोटिफ्लॉप्स ही प्रजातीही ऱ्हिनोफिसमध्येच विलीन झाली. फ्रँक वॉल यांनी १९२१ मध्ये स्थापिलेली ब्रॅकिओफिडियम ही प्रजाती टेरेट्रुरसमध्ये सामावली. आणि स्यूडोप्लेक्ट्रुरस हे बूलेंजर यांचे जुने नाव पुन्हा जिवंत झाले. ऱ्हिनोफिस दोन्ही देशांत राहिला, पण युरोपेल्टिस केवळ भारताचा झाला. म्हणजे ज्या प्रजातीची मूळ जाती ‘सिलोनची’ म्हणून नोंदली गेली, त्या प्रजातीचा एकही साप आता त्या बेटावर नाही.

याच वेळी ‘फिलिपिनस’चा निकालही अनपेक्षित रीतीने लागला. स्यूडोटिफ्लॉप्स ही प्रजाती ऱ्हिनोफिसमध्ये गेल्यामुळे एकाच प्रजातीत दोन ‘फिलिपिनस’ झाले. एका प्रजातीत दोन जातींना एकच नाव असता येत नाही. तेव्हा नंतरच्यास आपले नाव सोडावे लागले आणि केलार्ट यांनी १८५३ मध्ये दिलेले ‘सॅफ्रागॅमस’ हे नाव त्याच्या वाट्याला आले. सॅफ्रागम हे श्रीलंकेतील सबरगमुव या प्रांताच्या नावाचे वसाहतकालीन रूप. अशा प्रकारे दोन असत्य नावांपैकी एक गेले आणि त्याच्या जागी खऱ्या स्थळाचे नाव आले. पण ते असत्य होते म्हणून गेले नाही. दुसऱ्यासारखे होते म्हणून गेले. उरलेला फिलिपिनस श्रीलंकेच्या मातीत आपले परके नाव वागवीत आहे.

७

महाराष्ट्राच्या दृष्टीने या इतिहासाचा एक भाग विशेष महत्त्वाचा आहे. बेडम यांचे कार्यक्षेत्र मद्रास इलाख्यात होते. त्यामुळे दक्षिणेकडील डोंगरांच्या मानाने उत्तर सह्याद्रीचा अभ्यास मागे राहिला. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ मध्ये झाल्यावर ही उणीव काही अंशी भरून निघाली. १८८८ मध्ये मेसन यांनी वर्णिलेल्या सापास त्या संस्थेचे कार्यवाह फिप्सन यांचे नाव मिळाले. १९५५ मध्ये चारी यांनी मॅक्रोलेपिसचा महाबळेश्वरचा निराळा उपप्रकार त्या संस्थेच्या नियतकालिकात नोंदविला.

परंतु नाव नोंदले जाणे आणि नाव टिकणे या भिन्न गोष्टी आहेत. ग्युंथर यांनी १८६४ मध्ये दख्खनमधील एका सापास सिलिब्युरा बायकॅटेनाटा असे नाव दिले होते. पुढे तो ‘सेलॅनिका’चाच एक प्रकार समजला गेला आणि त्याचे नाव पर्यायनामांच्या यादीत गेले. २००८ मध्ये गावर, कॅप्टन व ठाकूर यांनी महाराष्ट्रातील नमुन्यांच्या आधारे ती जाती स्वतंत्र असल्याचे दाखविले. पूर्व घाटातील शेवरॉय डोंगरावरील शॉर्टी या जातीचेही असेच झाले. बेडम यांनी १८६३ मध्ये दिलेले तिचे नाव ‘सेलॅनिका’त बुडाले होते, ते २०१४ मध्ये पुन्हा वर आले. दक्षिण महाराष्ट्र, गोवा व त्यालगतचा कर्नाटकाचा भाग यांतील काळ्या मेलॅनोफिडियमला दक्षिणेकडचा ‘पंक्टाटम’ समजण्यात येई. २०१६ मध्ये गावर, गिरी, कॅप्टन व विल्किन्सन यांनी त्यास मेलॅनोफिडियम खैरेई हे नाव दिले. पुण्याच्या कात्रज येथील सर्पोद्यानाचे संस्थापक नीलिमकुमार खैरे यांचा त्यात गौरव आहे.

या तीन उदाहरणांत एक समान सूत्र आहे. प्रत्येक वेळी एक व्यापक, सोयीचे नाव डोंगरामागून डोंगर गिळत गेले. असे का व्हावे, हेही उघड आहे. नमुने थोडे होते. काही जाती केवळ दोन-चार नमुन्यांवरून ठाऊक होत्या. एका जातीत किती वैविध्य असू शकते हे ज्ञात नसता, सावध अभ्यासक दोन नावांपेक्षा एक नाव पसंत करतो. स्मिथ यांच्यासारख्या विद्वानाची ही सावधगिरी दोषास्पद म्हणता येणार नाही. तथापि तिचा परिणाम सारखाच राहत नाही. पर्यायनाम ठरलेल्या सापाचा शोध कोणी घेत नाही. त्याचा डोंगर कोणता, तो डोंगर चहाखाली गेला की खाणीखाली, हा प्रश्नच उद्भवत नाही. कारण कागदावर तो साप इतरत्र विपुल असतो. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या सूचीत या कुलातील अनेक जातींपुढे ‘माहिती अपुरी’ असा शेरा आहे. ज्या सापास नावच उरले नाही, त्याच्यापुढे एवढा शेराही येत नाही.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास हा प्रसंग परिचित वाटेल. एका प्रमाण नावाखाली अनेक बोली मोजल्या गेल्या की जनगणनेत त्या दिसेनाशा होतात. त्या बोलणारी माणसे मात्र जेथल्या तेथेच असतात. उलट, उच्चाराच्या प्रत्येक भेदास स्वतंत्र भाषा म्हणणेही अनर्थकारकच. एकीकरण व पृथक्करण यांपैकी कोणता पक्ष बरोबर, हे तत्त्वतः ठरविता येत नाही. ते प्रत्येक ठिकाणी पुरावा पाहूनच ठरवावे लागते. मात्र दोन्ही पक्षांच्या चुका सारख्या वजनाच्या नसतात. जास्तीचे नाव पुढे मिटविता येते. नाव नसल्यामुळे दुर्लक्षिलेला डोंगर उजाड झाला, तर नंतर मिळालेल्या नावाचा त्या सापास उपयोग नाही.

८

या कुलाचा इतिहास प्रगतीची सरळ रेषा नव्हे. १८३० च्या सुमारास म्युलर यांनी जे ओळखले ते १८४५ मध्ये ग्रे यांच्या सूचीत दिसत नाही. १८६४ मध्ये ग्युंथर यांनी जे वेगळे केले ते नंतर एकत्र झाले आणि पुन्हा वेगळे करावे लागले. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीची काही चूक दुरुस्त केली आणि काही बरोबर गोष्ट हरवलीही. जे टिकले त्याचा विचार केला तर असे दिसते की साक्षात् डोंगरावर, साक्षात् मातीत पाहिलेली गोष्ट सहसा खोटी ठरली नाही. बेडम यांच्या कित्येक जाती शतकानंतरच्या डीएनएच्या परीक्षेत उतरल्या, कारण त्यांच्या चिठ्ठीवरील स्थळ त्यांनी स्वतः पाहिलेले होते. उलट, पॅरिसच्या बरणीवरील एका शब्दाने जो गोंधळ निर्माण केला, तो निस्तरण्यास जवळजवळ दोनशे वर्षे लागली.

वर्गीकरणाच्या अभ्यासकापुढे म्हणून दोन कर्तव्ये राहतात. एक, नावाची वंशावळ तपासणे : ते कोणी, कोणत्या नमुन्यास, कोणत्या पुराव्यावर दिले आणि मध्यंतरी त्याचा अर्थ किती वेळा पालटला. दुसरे, त्या नावाने निर्दिष्ट होणारा प्राणी त्याच्या जागी अद्याप आहे की नाही हे पाहणे. पहिले काम ग्रंथालयात होते, दुसरे पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुजलेल्या पाल्याखाली. या कुलाच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात ही दोन कामे फारच थोड्या वेळा एकाच हातून झाली आहेत. जेथे ती झाली, तेथेच वर्गीकरण स्थिरावलेले दिसते.